कौतुक जरा हळू

खेळाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती दागिन्यासारखी. तिची गरज पडलेली कुणी पाहिली नव्हती. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी "रांगेत!" म्हटलं, की दुसऱ्या टोकाची मुलं रांगेत यायचीच, शिवाय भिंतीपलीकडच्या टपाल कचेरीतली माणसंही नकळत सरळ उभी राहायची, असं शाळेचे कारकून शपथेवर सांगत. मुलांनी सरांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. ज्याच्या नावाने शाळा दचकते तो माणूस काही अगदीच टाकाऊ नसतो, असं त्यांचं साधं गणित होतं.

त्या गणिताला पहिला धक्का बसला तो सुट्टीनंतरच्या सभेत. मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. उंचीने त्या सगळ्यांत लहान होत्या, तरी मोठ्याच. त्यांनी या वेळी नुसत्या शिक्षकांना बोलावलं नव्हतं. बसवाले काका होते, स्वयंपाकघरातल्या मावशी होत्या, कारकून होते, ग्रंथपाल बाई होत्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून गणिताचे सर खिडकीच्या कट्ट्यावर टेकले होते आणि त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावरून बोलत होते.

"जिन्यापासून सुरुवात करू," मोठ्या बाई म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर भाषेच्या बाई सांगतात, डावीकडून चाला. वरच्या मजल्यावर गणिताचे सर सांगतात, उजवीकडून चाला. मधल्या वळणावर काय होतं?"

"टक्कर," विज्ञानाच्या नव्या बाई म्हणाल्या. त्या याच वर्षी लागल्या होत्या आणि समोर प्रश्न पडला की त्यांना उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

"आणि टक्कर झाली की मुलांना रागावतं कोण?"

सगळ्यांनी खेळाच्या सरांकडे पाहिलं.

"मी रागावतो म्हणून तर अजून कुणाचे दात पडले नाहीत," सर म्हणाले. ते आपल्या मते साधं बोलले होते, पण खिडकीची काच झणझणली आणि गणिताचे सर कट्ट्यावरून उतरले.

"तेच म्हणते मी. नियम दोघांचे, टक्कर मुलांची आणि ओरडणं तुमचं. यात मुलं शिकली काय?" मोठ्या बाईंनी फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. नीट ऐका. सांभाळून वागा. एकमेकांना हात द्या. "आजपासून वर्गात हेच, जिन्यावर हेच, बसमध्ये आणि जेवणाच्या खोलीतही हेच. सगळ्या मोठ्यांच्या तोंडी एकच भाषा. कुणी चुकलं तर काय करायला हवं होतं ते सांगायचं. आणि मुख्य म्हणजे, मूल काही बरोबर करताना दिसलं की तिथल्या तिथे तसं सांगायचं. नुसतं 'छान' नाही. काय छान केलं, ते."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला हार?" गणिताचे सर म्हणाले.

"हारच. मुलं चोर नाहीत, आणि रोज फास वळण्यापेक्षा हार ओवायला कमी दमायला होतं."

पहिले काही दिवस सगळ्या शाळेची जीभ अडखळत होती. उणं काढायची सवय हाडीमासी खिळलेली. कौतुक म्हणजे परकी भाषा. गणिताचे सर वहीवर वाकून बराच वेळ शोध घेत आणि शेवटी म्हणत, "आज तू कालच्यापेक्षा कमी चुकलास." भाषेच्या बाई एवढं सजवून बोलत, की सगळं ऐकून झाल्यावर पोरगं विचारायचं, "बाई, पण मी केलं काय?" कारकुनांनी तर पहिलीतल्या एका चिमुरड्यासमोर उभं राहून, "आपण रांगेत थांबल्याबद्दल कार्यालय आपले आभारी आहे," असं सांगितलं. तो चिमुरडा घरी जाऊन आईला म्हणाला, की मला नोकरी लागली. मावशींचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं होतं. पण त्या वाढता वाढता बोलायच्या आणि एका चांगल्या वाक्यापाठी एक डाव जास्त वाढायच्या, त्यामुळे मुलं वाक्यासाठी नीट वागत होती की डावासाठी, हे विज्ञानाच्या बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

खेळाच्या सरांना सुरुवातीला ही सगळी उंटावरून शेळ्या हाकण्यातली गत वाटली. पण एकदा ठरलं म्हणजे ठरलं. सांगितलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी एका रात्रीत विचार केला आणि त्यांना तो फार न्याय्य वाटला. इतकी वर्षं आपण चुका चारचौघांत काढल्या. मग कौतुक कानात का करायचं? रागवायचं मैदानभर आणि शाबासकी गुपचूप, हा कुठला न्याय? जेवढ्या मोठ्याने रागावलो तेवढ्याच मोठ्याने वाखाणीन.

आणि लहान वर्गांत ते लागू पडलंही. "दुसरीतल्या या पठ्ठ्याने बूट जोडीने ठेवले आहेत!" असा पुकारा झाला की तो पठ्ठ्या फुग्यासारखा फुगायचा आणि बाकीचे सगळे बूट पाच मिनिटांत जोडीने लागायचे. सर खूश होते. आवाज तोच, भांडं तेच, फक्त आतला माल बदलला होता.

मग आली मुंगी.

मुंगी सातवीत होती. गेल्या वर्षी मध्येच कधीतरी शाळेत आलेली, चणीने लहान, आणि नेहमी आपल्यापेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली. म्हणून वर्गाने दिलेलं नाव. वर्गात तिला प्रश्न विचारला तर ती उत्तर आपल्या बुटांना सांगायची. डबा खाताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची. पण मैदानावर तिचं वेगळंच होतं. खेळाच्या सरांना मनातलं फारसं कळत नसे, पण अंगातलं सगळं कळे: कोण टाचेवर पडतं, कोण श्वास कोंडून धावतं, कुणाचा खांदा वर चढतो. मुंगीच्या बाबतीत त्यांनी टिपलेली गोष्ट अशी, की ती धावताना हसायची. आवाज नाही, काही नाही. तोंड उघडं, दात दिसत आहेत आणि पाय आपले चालले आहेत. धावणारी मुलं त्यांनी ढीगभर पाहिली होती, पण धावताना हसणारी हीच.

तिची आणखी एक सवय होती. खेळाचा तास संपला की उड्या मारायच्या दोऱ्यांचा एक भलामोठा गुंता मागे उरे. कुणालाही विचारलं तर तो म्हणे, "माझी दोरी तर मी सरळच टाकली होती." मुंगी मागे थांबायची, मातीत बसायची आणि एकेक टोक शोधून तो गुंता सोडवायची. मग प्रत्येक दोरीची घडी करून ती खुंटीला लावायची. तिला कुणी हे सांगितलेलं नव्हतं. कुणी पाहत आहे असंही तिला वाटत नसावं.

त्या दिवशी सरांनी पाहिलं. फळ्यावरची तिसरी गोष्ट त्यांना आठवली, ऊर भरून आला आणि त्यांनी छाती भरून हवा घेतली.

"थांबा सगळे! इकडे बघा! ही सातवीतली मुलगी, कुणीही न सांगता, रोज आपल्या सगळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवते! एकमेकांना हात द्या म्हणजे काय, ते हिच्याकडून शिका! टाळ्या!"

मैदान थांबलं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. गणिताच्या तासाला बसलेल्या मुलांनी कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवल्या. तास थांबतोय म्हटल्यावर कुणीही वाजवील. बसवाल्या काकांनी हॉर्न दिला. मुंगीचा चेहरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. चेहरा आनंदाने लाल होतो आणि शरमेनेही होतो. रक्त तेच, रंग तोच. सरांनी पहिला अर्थ घेतला आणि समाधानाने कमरेवर हात ठेवले. हातातली दोरी चोरीची असल्यासारखी तिने खाली ठेवली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुंता तसाच पडून राहिला. त्यानंतरच्या तासाला मुंगी पाय दुखतोय म्हणून पायरीवर बसली. मग ती आलीच नाही.

"अहो सर," भाषेच्या बाई शिक्षकखोलीत चहा ढवळत म्हणाल्या. त्या मुंगीच्या वर्गशिक्षिका होत्या. "आमची मुंगी खेळ सोडतेय बरं का. त्या तासाला वाचनालयात बसणार म्हणते. शुक्रवारपर्यंत विचार बदलता येतो, मग वर्षभर तेच."

"सोडतेय? का?"

"तेच तुम्हाला विचारणार होते. तिला काही बोललात का?"

"बोललो? अहो, मी तिचं कौतुक केलं!"

"हो, ते आम्ही वरच्या मजल्यावर ऐकलं," बाई म्हणाल्या. त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "पोरं तिला आता 'दोरीबाई' म्हणतात. तास संपला की कुणीतरी दोऱ्या तिच्यापुढे आणून टाकतं. 'घे, सरांची लाडकी.' ती मला काही सांगत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून कळलं."

सरांचा चहा निवत राहिला. जिला उभ्या शाळेत एकच जागा मोकळी वाटत होती, तिथून तिला आपणच हाकलून लावलं, आणि तेसुद्धा टाळ्या वाजवून. एखाद्याला रागावून रडवलं तर निदान समजतं तरी.

ते मैदानाकडे निघाले तर वाटेत आणखी एक नमुना दिसला. आठवीतला एक दांडगट मुलगा जमिनीवरचा कागदाचा बोळा उचलून डब्याकडे चालला होता. समोरून भोंगा येताना दिसताच तो जागच्या जागी थिजला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बोळा हळूच खाली सोडला, वर पायाने जरा लांब ढकलला आणि आकाशाकडे बघत, शीळ घालत निघून गेला. सर वळणाआड उभे राहून पाहू लागले. पोरगं परत आलं, भोंगा नाही याची खात्री केली, झडप घालून बोळा उचलला आणि डब्यात टाकून पळालं.

सर हसावं की रडावं या पेचात पडले. इतकी वर्षं मुलं त्यांच्यापासून वाईट कामं लपवत आली होती. आता ती चांगली कामं लपवू लागली होती.

घरी त्यांनी ही सगळी कथा जेवताना सांगितली. घरात तिघं: सर, त्यांची बायको आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, आणि जगात त्यांना फक्त जावयाचंच बोलणं स्पष्ट कळायचं. "आमच्या घरात जावईबापू तेवढे माणसासारखे बोलतात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "बाकीचे सगळे पुटपुटतात."

"बिचारी पोर," सगळं ऐकून बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. "मला तिची कळ पुरेपूर समजते."

"तुला कशी?"

"मागच्या महिन्यात दुकानात आला होतात ना, मला न्यायला? दारातूनच ओरडलात, 'चष्मा निवडावा तर आमच्या हिनेच!' तेव्हा एक बाई आरशासमोर बसल्या होत्या. कितीतरी चष्मे काढूनघालून शेवटी एकावर मन बसलं होतं त्यांचं. त्या दचकून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. मालक माझ्याकडे बघतायत, मी जमिनीकडे बघतेय. वाटलं, हिने आता दुभंगावं आणि मला पोटात घ्यावं."

"पण मी तर चांगलंच बोललो होतो!"

"चांगलंच बोललात हो. पण माझ्याशी कुठे बोललात? दुकानाशी बोललात."

सरांनी घास तसाच धरून ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही आत्ता सांगतेय. मग त्यांच्या मनात आलं, की आपण असताना कुणाला मधे काही सांगायला फट सापडतेच कधी?

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, मी हळू बोलायला शिकावं!"

"अजिबात नको," सासूबाई म्हणाल्या. "मग मी कुणाशी बोलू?"

गुरुवारी सकाळी सगळी शाळा मैदानावर जमली तेव्हा सरांनी आपला निर्णय घेतला होता. चारचौघांत चूक केली, तर माफीही चारचौघांतच मागायची. ते पायरीवर चढले. मुलांनी सवयीने कानांवर हात ठेवले. सरांनी श्वास भरून घेतला आणि तेवढ्यात भाषेच्या बाईंनी त्यांची बाही धरली.

"काय बोलणार आहात?"

"माफी मागणार आहे तिची."

"सगळ्यांसमोर? तिचं नाव घेऊन?"

सरांचं तोंड उघडंच राहिलं. मग तो भरलेला श्वास, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच, न वापरता बाहेर पडला. ते पायरीवरून खाली उतरले. मुलं कानांवर हात ठेवून तशीच उभी होती. काय झालं ते कुणाला कळेना. पहिलीतल्या एकाने तर विचारलं, "भोंगा बिघडला?"

त्या दुपारी सर मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "बाई, माझ्यामुळे तुमच्या योजनेचा विचका झाला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, बोळ्यासकट. खोलीत विज्ञानाच्या बाई आधीपासून काही विचारायला आलेल्या होत्या. बोळ्याची गोष्ट त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली.

"तो नक्की किती अंतरावर असताना थांबला, सर?"

"अहो बाई, इथे माझा जीव जातोय."

"नाही, म्हणजे मला हे म्हणायचंय," त्या ओशाळल्या, पण थांबल्या नाहीत, "की हे तुमच्या एकट्याचं नाही. भाषेच्या बाईंनी ज्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला, तो मुलगा तेव्हापासून मुद्दाम वाईट निबंध लिहितो. आणि काहींना उलट ऐकायचंच असतं. आपण सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवलं, सगळ्यांना हाताशी घेतलं, काकांना, मावशींना, कारकुनांना. फक्त ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना विचारायचं राहिलं."

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "वऱ्हाड आलं, जेवणं झाली आणि नवऱ्याला विचारलंच नाही, त्यातली गत!"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला प्रत्येक वर्गात एकच प्रश्न विचारला गेला: तुम्ही काही चांगलं केलं, तर तुम्हाला कसं सांगितलेलं आवडेल? उत्तरांनी शिक्षकखोली दिवसभर हसत होती. दुसरीच्या वर्गाने एकमुखाने सांगितलं, की आम्हाला भोंगा हवा, आणि जेवढा मोठा निघेल तेवढा. आठवीला फक्त मान हलवलेली चालणार होती, आणि तीही मित्र बघत नसताना. एकाला आपलं कौतुक आजीला कळवलेलं हवं होतं, पण आईला नको, कारण आई मग म्हणते, 'घरी का नाही असं वागत?' एका मुलीने सांगितलं, की मला आधी विचारलं तर मी त्या दिवसाच्या मूडप्रमाणे सांगेन.

मुंगीने काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून त्याच दिवशी, शुक्रवारी, शेवटच्या तासाला मैदान बसवाल्या काकांवर सोपवून खेळाचे सर वाचनालयाच्या दाराशी उभे होते. आत शांतता अशी, की पान उलटलेलं ऐकू येत होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी मुंगी पुस्तकाआड बसली होती. सर चवड्यांवर आत गेले, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले आणि आयुष्यातली पहिली कुजबूज केली.

"बाळा, मला तुझ्याशी—"

वाचनालयातली सगळी डोकी वर झाली. मागच्या कपाटातून एक पुस्तक पडलं.

ग्रंथपाल बाई लगबगीने आल्या. रागावल्या नाहीत, चूक कशी सांगायची ही नवी पद्धत त्यांनी सगळ्यांत आधी आत्मसात केली होती. "सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "इथे आपण शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढं बोलतो. दाराबाहेर थोडा सराव करून परत येता का?"

सर उठले आणि गेले. बाहेर व्हरांड्यात उभं राहून ते भिंतीशी कुजबुजले. आतून सहावीच्या मुलांची खसखस ऐकू आली. ते परत आत आले, बसले आणि म्हणाले, "मला एवढंच—"

"पुन्हा एकदा, सर," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "पहिल्यापेक्षा बरं जमलं. 'एवढंच' या शब्दाला आवाज खाली आला होता."

सर दुसऱ्यांदा बाहेर गेले. आता मात्र त्यांना घाम फुटला. ज्या आवाजावर आजवर पोट भरलं तो आज गळ्यात लोढणं होऊन पडला होता, आणि घड्याळ काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. तेवढ्यात दार सरकलं आणि मुंगी बाहेर आली. पुस्तक तिने छातीशी धरलं होतं आणि ओठ गच्च मिटले होते. ते रडण्यासाठी नव्हे, हसू दाबण्यासाठी मिटलेत, हे सरांना या वेळी कळलं. अंगातलं त्यांना कळायचंच.

"सर, तुम्ही इथेच बोला," ती आपल्या बुटांना म्हणाली. "आत सगळे ऐकतायत."

"इथेही ऐकतायत."

"हो. पण दिसत नाही."

सर पायरीवर बसले, म्हणजे डोकी एका पातळीत आली. "त्या दिवशी मी चुकलो," ते म्हणाले. "तुझं कौतुक करायचं होतं. झाली तुझी फजिती. माफ कर."

सरांना गप्प बसणं जमत नसे, पण त्यांनी दात आवळून ते जमवलं. बऱ्याच वेळाने ती बोलली.

"मला राग नव्हता आला, सर. मला गुंते सोडवायला आवडतं. घरी पण लोकर वगैरे मीच सोडवते. कुठलं टोक कुठून आलंय ते बघायला मजा येते. पण तुम्ही सगळ्यांना सांगितलं ना, की मग ते माझं राहिलंच नाही. ते काम झालं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले, दोऱ्या तूच लाव. आणि मी नाही लावल्या असत्या, तर म्हणाले असते, आता सर बघत नाहीत म्हणून नाही लावत. लावल्या तरी वाईट, नाही लावल्या तरी वाईट."

एवढं सलग ती वर्षभरात बोलली नव्हती. आपण दुसऱ्याच्या खेळण्यावर शाळेचा शिक्का मारला होता, हे सरांच्या ध्यानात आलं.

"दोऱ्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "ज्याची दोरी त्याने लावायची, हे मी आधीच सांगायला हवं होतं. ते काम माझं होतं. तू दोऱ्यांना हात लावू नकोस, किंवा लाव, तुझी मर्जी. मी त्यातलं काही पाहणार नाही. पण मैदान सोडू नकोस ग. तू धावताना..." आणि इथे ते थांबले. तू धावताना हसतेस, हे वाक्य ओठांवर आलं होतं. पण बोलून दाखवलं तर पुढच्या वेळी ती हसेल का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच बोलण्याच्या आधी पडला. "तू धावताना बरी धावतेस," त्यांनी वाक्य कसंबसं संपवलं.

"तुम्ही ओरडणार नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ओरडणार," सर म्हणाले. "पाय उचला, खांदे खाली, श्वास घ्या, हे सगळं ओरडणार. त्याशिवाय मला शिकवताच येत नाही. पण तुझ्याबद्दल दुसऱ्यांना ओरडून सांगणार नाही."

मुंगीने विचार केला. "धावताना ओरडलात तर चालेल," ती म्हणाली. "तेव्हा मला ऐकूच येत नाही."

"काय? माझा आवाज ऐकू येत नाही?"

"नाही. वारा असतो ना कानात."

टपाल कचेरीपर्यंत पोचणारा आवाज दहा हातांवरच्या पोरीच्या कानात शिरत नव्हता. सरांना याचा अपमान वाटायला हवा होता. त्यांना हसूच आलं, आणि ते हसले ते नेहमीच्या मापाचं. ग्रंथपाल बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. "सर, सराव कसा चाललाय?"

"वाईट!" सर म्हणाले.

घंटा झाली. मुलांचा लोंढा व्हरांड्यात घुसला आणि त्या लोंढ्यात मुंगी हो-नाही काही न सांगता निघून गेली. सर वळणावर उभे राहिले. भाषेच्या बाईंच्या वर्गाच्या दारात एक लहानशी पाठ क्षणभर थांबलेली त्यांना दिसली, मग आत गेली की पुढे गेली ते गर्दीत कळलं नाही. विचारायला जावं असं फार वाटलं. गेले नाहीत. शनिवार-रविवार त्यांनी घरात एवढ्या कमी शब्दांत काढला, की सासूबाईंनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "भांडलात का ग दोघं?"

सोमवारी सातवीची मुलं मैदानावर आली. सर पाठमोरे होऊन खुंट्यांवर दोऱ्या मोजत असल्यासारखं करत होते. मग वळले. तिसऱ्या रांगेत, एका उंच मुलाच्या मागे, मुंगी बुटाची नाडी बांधत होती. ती उभी राहिली, तिने सरांकडे पाहिलं आणि लगेच समोरच्याच्या पाठीकडे पाहू लागली.

सरांच्या छातीत हवा भरली. अगदी गळ्यापर्यंत भरली. आठवीच्या वर्गाने मागितली होती तशी मान हलवावी का, असा विचार आला. पण हिने तीही मागितली नव्हती. त्यांनी नजर सगळ्या रांगांवरून सारखीच फिरवली, कुठेही न थांबवता.

"एक फेरी! पाय उचला!"

मुलं सुटली. पहिल्या वळणावर लहानमोठी सगळी एका घोळक्यात होती. दुसऱ्या वळणाला घोळका लांबला आणि त्यातून एक चिमुकली आकृती पुढे सरकली, तोंड उघडं, दात चमकत आहेत.

"शाब्बास!" सर ओरडले. "शाब्बास रे! शाब्बास!"

फाटकाशी बस पुसत असलेल्या काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. वरच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या आणि मुलं वाकून पाहू लागली, आज कुणाचा नंबर लागला ते. पण कुणालाच कळेना. धावणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, की ते आपल्यालाच आहे. आणि जिला होतं तिच्या कानात वारा होता.